मेहुणे आज सकाळी गेले

आमच्या नात्यात कॅमेरावाला फोन पहिल्यांदा मामानं घेतला. मामाची शेती फुलसावंगीला, आणि शेतीपेक्षा जास्त जीव लग्नं जुळवण्यात. फोन घेतल्यापासून तर त्याच्या अंगात आलं होतं. गळ्यात काळी दोरी, दोरीला फोन, आणि तो शर्टाच्या बाहेर. झोपताना तेवढा काढून उशाखाली ठेवायचा. फोनमध्ये फोटो निघायचे, आवाज भरता यायचा, छोटा व्हिडिओ निघायचा, आणि कुणाचा फोन आला की देवळात घंटा आणि लग्नात बँड एकाच वेळी वाजल्यासारखा आवाज यायचा. हा फोन आता आपल्या भाचीचं लग्न जुळवणार, असं त्यानं जाहीर केलं. भाची म्हणजे मी.

मी तेव्हा दारव्ह्याला डी.एड. करत होते. मामानं कळंबचं एक स्थळ शोधलं होतं. बापलेकाचं कृषी केंद्र होतं, बियाणं आणि खतं विकायचे. मुलाच्या वडलांशी मामाची ओळख एका लग्नाच्या पंगतीत झाली होती. जिलेबीवरून सुरू झालेलं बोलणं माझ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. मुलाकडच्यांना आधी फोटो पाहिजे होता. फोटो स्टुडिओत काढू, असं आई म्हणाली, तर मामाला ते अपमानासारखं लागलं.

"माह्याजवळ एवढा फोन असून पोरीले स्टुडिओत कायले नेता?"

त्यानं मला नव्या कूलरसमोर उभं केलं. मागं कूलर दिसला की घर चांगलं दिसते, असं त्याचं म्हणणं. बटण दाबल्यावर तो फोन जरा विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. तेवढ्या वेळात शेजारची कोंबडी घरात शिरली आणि मी तिला हाकलायला वळले. फोटोत कूलर अगदी स्वच्छ आला. त्याच्या जाळीची एकेक काडी मोजता आली असती. मी म्हणजे कूलरच्या बाजूला एक पिवळा डाग आणि वर केस. कोंबडीसुद्धा माझ्यापेक्षा बरी आली होती.

"झकास," मामा म्हणाला.

आता हा फोटो मेसेजनं कळंबला पाठवायचा होता. त्यासाठी कंपनीकडून सेटिंग मागवावी लागायची. सेटिंग आली, तिनं पिन मागितला, पिन कुणालाच माहीत नव्हता. मामानं ओळीनं शून्यं दाबली आणि ती चालली. मग फोनवर एक छोटं पाकीट पंख लावून उडायला लागलं. आम्ही सगळे त्या पाकिटाकडं बघत बसलो. बऱ्याच वेळानं पाकीट पोचल्याचं फोननं सांगितलं. पण कळंबहून मुलाच्या वडलांचा फोन आला. फोटो नव्हता आला, एक इंग्रजी निरोप आला होता की तुमच्यासाठी चित्र आहे, ते अमुक वेबसाइटवर जाऊन बघा. वेबसाइटवर जायला त्यांच्याकडं काही नव्हतं. मामानं पाकीट पुन्हा उडवलं. पुन्हा तेच.

"जाऊ द्या," मामा त्यांना म्हणाला. "मी दारव्ह्यालेच आहो बहिणीकडं. पाहतो काय करता येते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ठरवलं की मेसेज जात नाही तर आपणच फोन घेऊन जायचं. म्हणजे माझा तो फोटो दारव्ह्याहून यवतमाळ आणि यवतमाळहून कळंब असा एस.टी.नं निघाला. बाबांनी त्याला स्टँडवर सोडलं, बसमध्ये बसवलं आणि शाळेत जाण्याआधी मुलाच्या वडलांना तसं कळवायचं म्हणून स्वतःचा फोन काढला.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते शाळेत मराठी शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवायचं थांबायचे नाहीत. आम्ही सगळे वऱ्हाडी बोलायचो, ते एकटे पुस्तकासारखे बोलायचे. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं, असं त्यांचं मत असल्यामुळं ते फोनवर फारसे बोलत नसत, मेसेज लिहीत. त्यातही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं त्यांना भाषेच्या अंगावर परकीय सदरा घातल्यासारखं वाटायचं. नशिबानं त्यांच्या फोनमध्ये देवनागरी होती. एकेका अक्षरासाठी एकच बटण तीनचारदा दाबायचं, वेलांटी वेगळी शोधायची, तरी ते ऱ्हस्व-दीर्घ चुकू द्यायचे नाहीत. अडचण एकच होती. देवनागरीत लिहिलं की तो फोन सत्तरेक अक्षरांतच भरायचा. पुढचं लिहायला दुसरा मेसेज करावा लागायचा. आणि बाबांना 'सप्रेम नमस्कार' आणि 'वि. वि.' वगळून सुरुवात करता येत नसे.

त्या सकाळी त्यांनी लिहिलं: सप्रेम नमस्कार. वि. वि. कळविण्यात येते की आमचे मेहुणे आज सकाळी गेले.

इथं जागा संपली. बाबांनी तो मेसेज पाठवला आणि दुसरा लिहिला: ते आपल्याकडेच येत असून मुलीचा फोटो सोबत आहे. कृपया घरी असावे.

पहिला मेसेज लगेच पोचला. दुसरा नेटवर्कअभावी बाबांच्या फोनमध्येच अडकून पडला. ते बाबांच्या लक्षात आलं नाही, कारण शाळेची घंटा झाली होती आणि वर्गात जाताना ते फोन बंद करायचे.

कळंबला मुलाच्या वडलांनी मेसेज वाचला. आदल्या संध्याकाळी आपल्याशी धडधाकट बोललेला माणूस सकाळी गेला, म्हणून त्यांना धक्काच बसला. त्यांनी बाबांना फोन लावला, तो बंद. अशा वेळी फोन बंद असणारच, असं त्यांना वाटलं. मामाला फोन लावून बघावं हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. सोयरीक जुळो न जुळो, माणूस आपल्याच कामासाठी बहिणीकडं आला होता आणि तिथं गेला, तर तोंड दाखवलंच पाहिजे, असं मुलाची आई म्हणाली. दुकान बंद केलं, घराला कुलूप लावलं आणि तिघंही दारव्ह्याच्या वाटेला लागले. यवतमाळच्या स्टँडवर मामाची बस आणि त्यांची बस कदाचित शेजारीशेजारी उभ्या असतील. मामा खिडकीत बसून कुणाला तरी कूलर दाखवत असेल.

त्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. वर्गावर पाठ घ्यायचा, मागं परीक्षक बसणार. आमच्या विद्यालयाचा गणवेश म्हणजे पांढरी साडी. पाठ चांगला झाला होता, मी खुशीत घरी आले. आई मागच्या अंगणात वर्षाची मिरची कांडत होती. मी चपला काढते तोच दारात तीन माणसं उभी. एक वयस्क गृहस्थ, डोक्यावर पदर घेतलेली बाई आणि दाढी वाढलेला एक तरुण. मला वाटलं, बाबांच्या शाळेतल्या कुणा मुलाचे पालक असतील. मी त्यांना आत बसवलं. पाणी दिलं तर बाईंनी हातानंच नको म्हटलं. शेवटी तो तरुण खालच्या आवाजात म्हणाला,

"कसं झालं?"

माझ्या परीक्षेची बातमी दारव्ह्यात एवढी पसरलेली पाहून मला बरं वाटलं.

"चांगलं झालं," मी म्हणाले. "वाटलं होतं त्याहून लवकर आटोपलं."

"फार त्रास तर नाही झाला?"

"सुरुवातीला घाम फुटला. मग सगळं सुरळीत झालं."

"जवळ कोणी होतं?"

"तिघं होते. दोन बाहेरचे, एक आमच्यातलेच."

"काही बोलले का?"

"एक म्हणाले, उत्तम. बाकीच्यांनी मान डोलावली."

त्यानं वडलांकडं पाहिलं. वडलांनी जमिनीकडं पाहिलं. "वय तसं जास्त नव्हतं," तो म्हणाला.

मला वाटलं हा त्या 'उत्तम' म्हणणाऱ्या परीक्षकांना ओळखतो. "नव्हतं," मी म्हणाले, "पण माणूस अनुभवी वाटला."

एवढ्यात आवाज ऐकून आई आत आली. मिरचीनं तिचे डोळे लालभडक झालेले, नाक वाहतं, पदर तोंडाला. तिला तशी बघताच त्या बाई उठल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. आता आईनं काय करायचं? आमच्याकडं कुणी गळ्यात पडून रडलं तर आधी रडायचं आणि मग विचारायचं, अशी रीत आहे. यांच्या घरात कोणीतरी गेलं आहे, आपल्याला कळलेलं नाही, आणि न कळल्याचं दाखवणं बरं नाही, असं समजून आईही रडली. मिरचीमुळं ती पाहुणीपेक्षाही जास्त रडली. दोघी एकमेकींच्या मयतासाठी रडत होत्या आणि दोन्ही बाजूंचं मयत अस्तित्वातच नव्हतं.

मग मुलाचे वडील म्हणाले, "ताई, धीर धरा. भाऊ लाखात एक होता."

"कोणाचा भाऊ?" आईनं विचारलं.

"तुमचाच, ताई. कळंबहून आम्ही त्याच्यासाठीच आलो. गावाकडं नेलं काय?"

आई मटकन खाली बसली. दादा सकाळी कळंबच्या वाटेनं निघाला, आणि कळंबची माणसं तो गेल्याचं सांगायला आली, यातून तिनं काढायचा तो अर्थ काढला. आता ती खरंच रडली. तिचा तो आवाज ऐकून मीही रडायला लागले. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी तिथूनच काकांना हाक मारली आणि काका सायकल घेऊन बाबांना आणायला शाळेत गेले.

काकांनी वर्गाच्या दारातून सांगितलं, "गुरुजी, तुमचे मेहुणे गेले."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मीच बसवून दिले." आणि ते फळ्याकडं वळले. काकांना त्या शांतपणाचा एवढा धसका बसला की पुढं कित्येक महिने ते बाबांशी जपून बोलायचे.

इकडं आमच्या घरात मुलाच्या वडलांचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढून पाहिला आणि हात लांब केला, जणू फोनमधून काही बाहेर येणार होतं. स्क्रीनवर मामाचं नाव होतं. ते उचलेनात. शेवटी मुलानं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"हॅलो," मामाचा आवाज खोलीभर झाला. "आहो, मी तुमच्या दारात उभा आहो. कुलूप काहून आहे? कोणी गेलं काय?"

काकूंनी देवाचं नाव घेतलं. आईनं मुलाच्या हातातून फोन ओढला.

"दादा, तू जिता आहेस काय?"

"बाई? तू कळंबच्या लोकाइच्या फोनात काय करून राह्यली?"

तिनं फोन छातीशी धरला आणि नंतर मामाला अशा काही शिव्या दिल्या, की स्थळ समोर बसलं आहे हे ती विसरली. त्या शिव्या चालू असतानाच बाबा आले. काकांनी त्यांना मधल्या सुट्टीत ओढूनच आणलं होतं. बाबांनी घरी येऊन फोन सुरू केला आणि नेटवर्कची लहर फिरली. आईच्या हातातल्या, म्हणजे मुलाच्या वडलांच्या, फोनमध्ये टुंग झालं. मुलाच्या वडलांनी तो परत घेऊन मेसेज वाचून दाखवला. "ते आपल्याकडेच येत असून मुलीचा फोटो सोबत आहे. कृपया घरी असावे."

रडण्याच्या भरात सुटलेलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं, की हे माझं स्थळ आहे. मी पांढऱ्या साडीत, नाक पुसत, मामाच्या मृत्यूवर 'लवकर आटोपलं' म्हणून बसले होते.

सगळे बाबांकडं बघायला लागले. बाबा म्हणाले, "गेले म्हणजे गेले. वारले असते तर मी वारले असं लिहिलं असतं."

मुलाचे वडील हसले, मुलगाही हसला. मुलाची आई मात्र हसली नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि चहा न घेता निघाली. दोन दिवसांनी निरोप आला. मयतीच्या पावलानं पाहिलेली मुलगी आमच्या घरात नको.

मामा चिडला. "मी मेलोच नाई, तर मयत कायचं?" खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढते, हे सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणजे उलट हे शुभच झालं, असं तो येईल त्याला सांगत सुटला. कळंबला फोन करून त्याला हेच सांगायचं होतं, पण त्या बाई त्याचं नाव दिसलं की फोन दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. मग मामानं ठरवलं की आपण व्हिडिओ काढून पाठवायचा. डोळ्यांनी जिता माणूस पाहिला तर बाई काय करतील?

आमच्या अंगणात व्हिडिओ काढला. मामानं नवा सदरा घातला, टोपी घातली, आणि फोन मला धरायला दिला. त्या फोनचा व्हिडिओ फारच थोडा वेळ चालायचा, मग आपोआप बंद व्हायचा. हे मी त्याला सांगितलं होतं, पण बोलायला उभा राहिलेला मामा कुणाचं ऐकत नसतो.

पाठवायचा कसा हा प्रश्न होताच. उडत्या पाकिटावर आता कुणाचा विश्वास नव्हता. आठवडी बाजाराच्या दिवशी मुलगाच दारव्ह्याला आला. दुकानाच्या कामानं आलो, असं तो म्हणाला. कृषी केंद्राचं कोणतं काम आमच्या गल्लीत असतं ते मी विचारलं नाही. मामानं दोन्ही फोन बाजेवर शेजारीशेजारी ठेवले आणि ब्लूटूथ सुरू केलं.

"हलवू नका, नाई तर तुटते," मामा म्हणाला आणि पान आणायला निघून गेला. आई मुद्दामच आत राहिली.

तो बाजेच्या एका टोकाला, मी दाराच्या उंबऱ्यावर. मध्ये ते दोन फोन. स्क्रीनवरची निळी पट्टी मुंगीसारखी सरकत होती.

"त्या दिवशी तुम्ही चांगलं झालं म्हणाल्या," तो पट्टीकडं बघतच म्हणाला, "तवा मले वाटलं, काय घर आहे हे. मामा मेला तर पोरगी चांगलं झालं म्हणते."

"मग?"

"मग वाटलं, खोटं तर नाही बोलत."

मला हसू आलं, त्यालाही आलं. मग मी विचारलं की दाढी मयतीसाठी वाढवली होती का. नाही, तशीच असते, असं तो म्हणाला. मी म्हणाले, बरी नाही दिसत. त्यानं गालावरून हात फिरवला आणि मान हलवली. पट्टी भरली, फोन टुंग झाला. तरी तो थोडा वेळ बसून राहिला.

व्हिडिओ त्यानं त्याच संध्याकाळी आपल्या आईला दाखवला. हे मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. स्क्रीनवर बोटाएवढा मामा, टोपी घालून. आधी त्यानं हात जोडले. मग आपलं गाव सांगितलं, तालुका सांगितला, बहिणीचं घर सांगितलं. मग तो म्हणाला, "मी कळंबच्या चिंतामणीची शपथ घेऊन, पूर्ण शुद्धीत, सगळ्याइच्या समोर सांगतो का मी मेलो".

आणि व्हिडिओ संपला. 'नाही' आपल्या भाषेत शेवटी येतो, आणि फोनमध्ये तेवढी जागा उरली नव्हती.

बाईंनी तो परत लावायला सांगितला. पुन्हा मामानं हात जोडले, गाव, तालुका, शपथ, मेलो. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांना हसू आवरेना. त्यांनी शेजारणींना बोलावून आणलं. हसूनहसून डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हा माणूस मेल्यावरबी बोलायचा थांबाचा नाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून मामाला फोन लावला आणि विचारलं, आम्ही कधी येऊ?

या वेळी ते रीतसर आले. मुलगा दाढी काढून आला होता. माणसं बोलायला लागली, तारखांचं सुरू झालं, मामानं हळदीचा मुहूर्तही सांगून टाकला. तेव्हा त्या बाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडं वळल्या.

"तुले कोणी विचारलं काय व?"

"नाही," मी म्हणाले. खरंच विचारलं नव्हतं.

"मंग मी विचारतो. पोट्टा पसंत आहे काय?"

मी म्हणाले, पसंत आहे, पण मला नोकरी करायची आहे. पोरं शिकवायची आहेत.

"कर ना," त्या म्हणाल्या. "नोकरी लागली का मले तुह्या मामासारखा फोन घेऊन देजो."

लग्न झालं. मामानं साक्षगंधापासून, म्हणजे साखरपुड्यापासूनच, व्हिडिओ काढायला सुरुवात केली आणि हळदीलाच फोनची मेमरी भरली, त्यामुळं लग्न लागल्याचा पुरावा त्याच्याकडं नाही. मला नोकरी लागायला वेळ लागला, पण लागली, आणि सासूबाईंना मी कॅमेरावाला फोन घेऊन दिला. पहिले काही महिने त्यात फक्त त्यांच्या अंगठ्याचे फोटो होते. मग त्यांना सूर सापडला. एका दुपारी मी शाळेतून येऊन बाजेवर तोंड उघडं टाकून झोपले होते, तो फोटो त्यांनी इतका स्वच्छ काढला की मामाला जमला नसता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ही आमची सूनबाई. मास्तरीण आहे."